दादाचं काम

हे खरं घडलेलं आहे. ज्याच्याबाबतीत घडलं तो माझा मावसभाऊ, गाड्यांचा मेकॅनिक. थापा मारायला तोंड उघडावं लागतं, आणि त्याच्या तोंडून दिवसाकाठी दहा शब्द निघाले तरी खूप. पदरचं एक अक्षरही मी घातलेलं नाही.

बुधवार होता. भरदुपारची वेळ. गॅरेज उतारावर आणि उताराखाली चौक.

त्याच्या थोरल्या भावाला जाऊन तीन महिने झाले होते. गॅरेज दोघांचं. दादा एका सकाळी उठलाच नाही. हा रडला नाही. चौथ्या दिवशी कामावर आला आणि नट आवळत बसला. "छोट्या" म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला गिऱ्हाइकांदेखत छोट्या म्हणायचा दादा!

त्या दिवशी वहिनी दादाची गाडी घेऊन आली.

"ब्रेक मारला की पेडल पायाखाली थरथरतं रे. पोरगी सोबत असली की जीव मुठीत घेऊन चालवते मी."

दादा गेल्यानंतर ब्रेकचं हे पहिलंच काम. त्यानं पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या दोन्ही डिस्क उतरवल्या. वेड्यावाकड्या झिजल्या होत्या. लेथ मशीनवर पातळ थर काढून त्या सपाट केल्या. नवे पॅड बसवायला, त्यांना डिस्कवर दाबणारे आतले पिस्टन मागे ढकलले. चाकं आवळली. गाडी खाली घेतली.

मग मागच्या नळावर हात धुवायला गेला.

वीस वर्षं हे असंच चालायचं. हा हात धुवायचा, तेवढ्यात दादा गाडीत बसून पेडल दाबायचा. पिस्टन पुन्हा पुढे आल्याशिवाय ब्रेक लागतच नाही. दाबताना फुस्स असा आवाज येतो, आणि पेडल कडक झालं की तो बदलतो. हा नळावरूनच ओरडायचा, "बस्स!"

नळ चालू होता...

फुस्स.

फुस्स...

फुस्स.

"बस्स!" तो सवयीनं ओरडला.

आणि साबण चोळत राहिला. डोकं सुन्नच असायचं त्याचं.

तो पुढे आला तर वहिनी गाडी बाहेर काढत होती. मागे पुतणी.

"निघते रे, हिच्या क्लासला उशीर होतोय!"

त्यानं मान हलवली. गाडी उताराला लागली.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं...

पेडल दाबायचं राहिलं. ते दादाचं काम होतं.

तो धावत सुटला. चौकात ट्रक येत होता. त्यानं दोन्ही हात हलवले, पण वहिनीचं लक्ष समोर होतं.

मागचे लाल दिवे लागले.

गाडी जागच्या जागी थांबली. ट्रक समोरून गेला.

तो पोचला तेव्हा वहिनी काच खाली करून हसत होती.

"मस्त झालाय ब्रेक! पण सीट एवढी मागे कशाला सरकवलीस? माझे पायच पोचेनात, पुढे ओढून घ्यावी लागली."

तो त्या सीटवर बसलाच नव्हता. तीन महिन्यांत एकदाही नाही. म्हणून तर चाचणीची चक्करही मारली नव्हती.

दादा सहा फूट उंच होता.

त्यानं हे मला पुष्कळ नंतर सांगितलं. पुढे प्रत्येक गाडीचं पेडल स्वतः दाबू लागला. पण सहा महिन्यांनी तीच गाडी पुन्हा पॅड बदलायला आली. काम झालं आणि तो मुद्दाम नळावर गेला. हात धुतले. नळ घट्ट बंद केला आणि कान देऊन उभा राहिला.

काहीच नाही...

बराच वेळ थांबला. मग ओल्या हातांनी जाऊन पहिल्यांदा दादाच्या सीटवर बसला. पेडल दाबलं. थेट तळाला गेलं.

कुणी आलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी वाटलं.

त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा... पेडल कडक झालं.

आणि मागून, नळाजवळून...

"बस्स, छोट्या."

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पाय पेडलवरून काढायचाही धीर झाला नाही.

संध्याकाळी वहिनी आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. मागे नळ चालू होता.