एप्रिलमध्ये गोठलेला पाइप

बादली मी न बघता रिकामी केली, चूक एवढीच.

मोटरहोमचं दार उघडलं, थंडीचा झोत तोंडावर आला म्हणून डोळे मिटले आणि पाणी बाहेर भिरकावलं. "ओह," असा एक शांत आवाज आला. डोळे उघडले तर पायरीखाली एक उंच मुलगा उभा... छातीपासून गुडघ्यांपर्यंत गुलाबी. आमच्या पाच नटांच्या तोंडावरून उतरलेला सगळा रंग त्या पाण्यात होता.

"सॉरी, अहो, मला वाटलं बाहेर कोणी नाही."

"आत्ता मी आहे," तो म्हणाला. "टू मिनिट्सनंतर फक्त स्टॅच्यू राहील."

खरंच, त्याची जीन्स कडक होऊन करकरायला लागली होती. मी त्याला हाताला धरून आत ओढलं.

शॉमबर्गचं आमचं मराठी मंडळ संक्रांतीला दुसऱ्या राज्यातल्या ईडन प्रेरी गावात नाटक घेऊन गेलं होतं. तिथल्या एका शाळेत शनिवारी एक प्रयोग, रविवारी एक. एरवी मी ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते, सुट्टीच्या दिवशी लोकांची तोंडं रंगवते. शाळेतल्या खोल्या लहान मुलांच्या नाचाला दिलेल्या, म्हणून पार्किंग लॉटमध्ये उभं असलेलं मोरेश्वरकाकांचं मोटरहोम हाच आमचा रंगपट. काकांनी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेलं हे चाकांवरचं घर. त्यात शेगडी, पलंग आणि बेसिन. ते बेसिन सकाळपासून तुंबलेलं.

"नाव काय तुमचं?" टॉवेल देत मी विचारलं.

"श्रीरंग."

मी ओठ घट्ट मिटले. उपयोग झाला नाही. त्याच्या शर्टावरून रंग ओघळत होता आणि मी हसत सुटले. तोही हसला. त्याच्या पापण्यांवर बर्फाचे बारीक कण होते, ते हळूहळू वितळत होते... आणि मी ते बघत उभी होते, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

"मी देवयानी."

"मी लाइट्स करतो. आणि काकांनी सांगितला की पाइप फ्रीझ झाली, म्हणून आलो."

"सांगितलं. आणि पाइप झाला."

"ओके. झाला." त्यानं मान डोलावली. "माझी मराठी आईसारखी नाही. पाइपचं नॉलेज चांगला आहे. आमची लेकवर केबिन आहे, दर विंटरला काहीतरी गोठतं."

तेवढ्यात मोरेश्वरकाका हातात शेगडी पेटवायचं लायटर घेऊन आले. पाइप खालून शेकून काढतो म्हणाले.

"काका, तू ते नको करू," श्रीरंग म्हणाला. "प्लास्टिक आहे. मेल्ट होईल."

आयुष्यात कुठल्या पोरानं काकांना 'तू' म्हटलं नसावं. ते माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

काकांच्या कोरड्या पँटमध्ये — ती त्याच्या पोटऱ्यांवरच संपत होती — श्रीरंग गाडीखाली शिरला. मी पुठ्ठा अंथरून शेजारी आडवी झाले, कारण हेअर ड्रायर माझा होता आणि मी तो कोणाच्या हातात देत नाही, असं मी म्हणाले. बाहेर लख्ख ऊन, निळं आभाळ आणि हाडं फोडणारी थंडी. शाळेच्या भिंतीपासून लांबलचक वायर ओढून आणली होती.

"वरून नाही, बाहेरच्या टोकाकडून स्टार्ट कर," तो म्हणाला. "म्हणजे वितळलेल्या पाण्याला जायला जागा मिळते."

"पण गोठलाच का?"

"काकांनी वापरलेल्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह ओपन ठेवला होता. खाली डबा, त्यात थेंब-थेंब पडत होतं. थेंब स्लो असतो, जाता जाता गोठतो. त्याच्यावर दुसरा. मग आत पूर्ण बर्फ. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी भरू द्यायची आणि एकदम सोडायचं. जोरात गेलं की गोठायला टाइम मिळत नाही."

"एवढं सोपं?"

"सोपं आहे. पण लोकांना वाटतं, थोडं थोडं सोडलं की सेफ."

हे तो पाइपाकडे बघत म्हणाला आणि मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी ड्रायर त्याच्या नाकाशी नेला. "पुढे काय करायचं?"

पुढे बराच वेळ तेच. मी गरम हवा धरायची, त्यानं बोटांनी पाइप वाजवत बर्फ कुठवर आहे ते ऐकायचं. बोलता बोलता त्यानं विचारलं, मी शॉमबर्गला कायमची आहे का. मी म्हटलं, नाही, मेमध्ये प्रोजेक्ट संपतंय, पुण्याला परत जाणार. "ओह," तो म्हणाला. पाणी अंगावर पडलं तेव्हा म्हणाला होता, त्याहून हळू.

आणि पाइपातून गुळगुळ आवाज आला. आधी एक बर्फाची कांडी सटकन खाली पडली, मागून गुलाबी लोंढा. वर बेसिनपाशी काकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही मात्र तसेच पडून राहिलो. त्याचा हातमोजा माझ्या हातावर होता... पाइप समजून ठेवला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारचा प्रयोग झकास झाला. निघताना श्रीरंग काकांना म्हणाला, "हे फक्त टेम्पररी आहे. मी येऊन नीट करतो."

ईडन प्रेरीहून शॉमबर्ग म्हणजे सहा तासांचं ड्राइव्ह. तो पुढच्याच शनिवारी हजर झाला. मोटरहोम काकांच्या ड्राइव्हवेत असायचं, कारण सीमाकाकूंना तबला सहन होत नाही आणि काकांचा रियाझ आणि चहा दोन्ही त्यातच चालायचे. श्रीरंगनं पाइपाला विजेवर गरम होणारी पट्टी गुंडाळली, वरून फोमचं कवच चढवलं, मध्येच लोंबणारा भाग पट्ट्यानं उचलून उतार नीट केला. बेसिनमध्ये पाइप गोठू नये म्हणून घालतात ते गुलाबी औषध ओतलं. मी टॉर्च धरला. आता 'अहो' गेलं होतं, 'तू' आलं होतं.

"हे सगळं फोनवर सांगता आलं नसतं?" मी विचारलं.

"फोनवर टॉर्च कोण धरणार?"

आता हा पाइप अलास्कातही गोठणार नाही, असं सांगून तो गेला. फेब्रुवारीत पाइप गोठला.

तो पुन्हा आला, डोकं खाजवत खाली शिरला. पट्टी गरम, फोम जागेवर, उतार बरोबर. "धिस मेक्स नो सेन्स, यार," म्हणाला. आम्ही बर्फ वितळवला, काकूंच्या हातची थालीपीठं खाल्ली, तळ्याकाठी चालून आलो. मार्चच्या सुरुवातीला पाइप पुन्हा गोठला. त्या वेळी तळ्याकाठी त्यानं माझा हात धरला, आणि कोपऱ्याशी आल्यावर विचारलं, "मेमध्ये कधी?"

"एंडला."

त्यानं हात सोडला नाही. पण पुढेही काही विचारलं नाही. मला पुण्याच्या ऑफिसात बदली किंवा इथंच आणखी दोन वर्षं, असं दोन्ही देऊ केलं होतं. हे त्याला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे... तो म्हणेल 'राहा', याची मी वाट बघत होते. आणि तो, मी म्हणेन 'राहते', याची.

मग थंडी संपली. झाडांना पालवी फुटली, बदकं परत आली आणि श्रीरंगचे फोन कमी झाले. एका शनिवारी मी काकांकडे चहाला गेले. मोटरहोमची सगळी दारं-खिडक्या उघड्या, काका तबल्यावर पावडर चोळत बसलेले.

"तो येत नाही का गं हल्ली?"

"कशाला येईल? पाइप ठीक आहे."

"पाइप जानेवारीपासून ठीक आहे." काकांनी तबल्यावर एक टिचकी मारली. "मीच पट्टीची वायर काढून ठेवायचो. आणि व्हॉल्व्ह उघडा. थेंब-थेंब, त्यानंच शिकवलं ना. तो यायच्या जरा आधी सगळं परत जागेवर."

मी चहाचा कप खाली ठेवला. "काका, तो सहा तास गाडी चालवून यायचा."

"म्हणूनच. सहा तास चालवून पाइपासाठी कोणी येत नाही. मला वाटलं, तुमच्यातलं कोणीतरी बोलेल. पण तुम्ही दोघं म्हणजे..." त्यांनी हात झटकला. "आता ऊन पडलंय. माझ्या हातात काही राहिलं नाही. तू बघ."

मी फोन घेऊन बाहेर गवतावर आले. तिथून आधी ऑफिसला मेल पाठवली — पुण्याला नको, इथंच राहते. मग त्याला फोन लावला.

"श्रीरंग, पाइप गोठलाय."

"देवयानी, एप्रिल आहे. तुझ्याकडे आज सिक्स्टी-फाइव्ह डिग्रीज, टी-शर्ट वेदर आहे."

"हो. मला माहीत आहे."

पलीकडून किल्ल्यांचा आवाज आला. "निघतो," तो म्हणाला.

ऊन कलताना त्याची गाडी ड्राइव्हवेत वळली. तो उतरला तेव्हा हातात काहीच नव्हतं, ना टॉर्च ना पाना. काकांचा तबला घाईघाईनं थांबला.

"मी मेमध्ये जात नाहीये," मी म्हणाले. एका दमात, नाहीतर अडकलं असतं. "आणि तुझ्यासाठीच, असं नाही. पण तू नसतास तर गेले असते."

त्यानं गाडीचं दार लावलं. मग खिशात हात घालून, पाठ केलेला धडा म्हणावा तसा म्हणाला, "मला तू आवडतो."

"आवडतेस."

"आवडतेस." त्यानं डोळे मिटले. "वाटेत विस्कॉन्सिनमध्ये पूर्ण टाइम बरोबर म्हणत होतो."

"परत म्हण," मी म्हणाले.

त्यानं परत म्हटलं. अगदी बरोबर म्हटलं. तरीही मी त्याला आणखी एकदा म्हणायला लावलं.