मधल्या खुर्चीतले कान

"त्या कानांना कुणाला हात लावू देणार नाही! माझ्या आईचे कान आहेत ते, माझे आहेत!" बाबा स्वतःच्या सलूनमधल्या मधल्या खुर्चीत बसून गरजले, आणि शेजारी दाढीला साबण लावून बसलेलं गिऱ्हाईक फेसासकट बघत राहिलं.

लेक समोर उभी होती. तिशीला आलेली, दिवसभर पार्लरमध्ये बायकांचे केस कापणारी, तरी बापाला विचारायला आलेली... विचारायला कसली, सांगायला! पुढच्या आठवड्यात कानांचं ऑपरेशन होतं. शाळेत पोरं तिला 'सुपडी' म्हणायची, मागच्या बाकावरून कानांना पेन्सिल टोचायची, आणि बाबा? ते बोलायचे काहीच नाहीत, फक्त तिला खुर्चीत बसवून केस कान झाकतील एवढेच ठेवायचे. अर्ध्या शहराचे कान डाव्या हाताच्या बोटाने दुमडून त्यांनी मागचे केस साफ केले, पोटच्या पोरीचा कान मात्र कधी दुमडला नाही! त्या कात्रीने तिच्या अंतःकरणाला जी जखम केली, ती पोरांच्या पेन्सिलींना जमली नाही.

"कान चांगले आहेत ना, बाबा? मग इतकी वर्षं झाकलेत कशाला?"

"लोक हसतील म्हणून गं... तुला कुणी काही..."

"लोकांचं तोंड धरायचं सोडून माझं डोकं धरलंत!"

बाबा चिडले. "पैसे उधळायला निघालीये! धाकट्याकडे बघ, बापाला नव्या खुर्च्या घेऊन दिल्या त्याने!"

शेजारी वस्तरा पुसणाऱ्या धाकट्या भावाचा हात थांबला.

"नको," ताई ओरडली. "शपथ आहे तुला!"

"खड्ड्यात गेली शपथ! बाबा, ज्या खुर्चीत बसून तुम्ही नाही म्हणताय ना, ती ताईच्या कानांच्या पैशांची आहे! ऑपरेशनला साठवलेलं सगळं तेव्हा तिने माझ्या हातात ठेवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून साठवत बसली. म्हणाली, माझ्याकडून घेताना बाबांना कमीपणा वाटेल, तू दे."

गादीला निखारे लागल्यासारखे बाबा उठले... उभेच राहिले.

"चोंबड्या!" ताई भावाला म्हणाली, आणि हमसून हमसून रडली.

ऑपरेशनच्या दिवशी दुकानाला कुलूप होतं. बाबा दवाखान्याच्या बाकावर होते.

जखमा भरल्या, डॉक्टरांनी मोकळीक दिली, त्याच दिवशी ताई भर गर्दीत मधल्या खुर्चीत येऊन बसली. "कानांवरून कापा. बारीक!"

बाबांनी केस वर घेतले. डावं बोट सवयीने कानापाशी गेलं आणि थबकलं.

"दुखेल का गं?"

"आता नाही."

त्यांनी कान अलगद दुमडला. मागे एक गुलाबी रेघ होती. "चुकलं माझं, बाळा..." बापाचे अश्रू तिच्या अंगावरच्या कापडावर टपटपले.

आरशात तिचा चेहरा पहिल्यांदाच आख्खा दिसला. मान अशी ताठ, की बघणाऱ्यांनीही पाठ सरळ केली!

बाबांनी कापड झटकलं. "ऊठ. आता मी बसतो."

"तुम्ही?"

स्वतःचेही कान त्यांनी आयुष्यभर केसांखालीच दडवले होते.

"तुझे तू हवे तसे करून घेतलेस. माझे मला असेच मिरवायचेत. काप!"

केस पडत गेले, दोन भलेमोठे कान दिमाखात बाहेर आले.

"मालक, आता पंखा बंद केला तरी चालेल!" बाकावरचं गिऱ्हाईक म्हणालं.

"वारा हवा तर जवळ सरक, फुकट आहे!" बाबा सगळ्यांत मोठ्याने हसले.

"बाबा, हलू नका!" ताईने दटावलं, आणि डाव्या बोटाने बापाचा कान दुमडला.