पाडलेल्या भिंतीवर टकटक

दुपारी साडेतीनला भिंतीवर दोनदा टकटक झाली.

भिंत तिथे नव्हती.

ती पाडून पंधरवडा उलटला होता. घरात त्या वेळी चार माणसं होती आणि चौघांनीही तो आवाज ऐकला. त्यातले तिघे आजही तेच सांगतात, वेगवेगळं गाठून विचारलं तरी. चौथी ताई. ती या विषयावर फारसं बोलत नाही. जे बोलली आणि जे इतरांनी पाहिलं, ते इथे पदरचं काही न घालता.

ताईचं काम घरं सजवण्याचं. श्रीमंतांची नव्हेत, भाड्याने द्यायची. रिकामी पडलेली घरं लोक तिच्या हवाली करायचे आणि ती त्यांना गिऱ्हाईक लागेल अशी करून द्यायची. भाडेकरू दारात पाऊल टाकल्यावर काय बघतो, हे तिला तोंडपाठ होतं. आधी ऊन. मग कपाटं. मग पलंगाच्या उशाशी फोन चार्जिंगला लावायची सोय. आणि सगळ्यात जास्त, हॉलला जोडलेलं मोकळं स्वयंपाकघर, म्हणजे रांधणारं माणूस एकटं पडत नाही.

"भिंत पाडा, भाडं वाढवा," ती सुतार-गवंड्यांना हसत म्हणायची.

या वेळी घर तिचं स्वतःचं होतं. आईचं.

आजारपणात आईची वाचा गेली होती. एकच हात चालायचा, उजवा. तिची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत होती. त्या भिंतीवर मायलेकींनी आपली एक भाषा बसवली होती. दोनदा टकटक म्हणजे 'आहेस का?' एकदा म्हणजे 'आहे.' कधी आई विचारायची आणि ताई कांदा चिरता चिरता सुरीच्या मुठीने उत्तर द्यायची. कधी ताई विचारायची, आई उत्तर द्यायची. तेवढ्यावर दोघींचं निभत होतं.

पुढे आईला गिळताना ठसके लागायला लागले. एकदा तर जीव जाता जाता राहिला. रात्रंदिवस शिकलेलं माणूस हवं, असं डॉक्टरांनी बजावलं. ताईने तिला केअर सेंटरमध्ये ठेवलं, स्वतः एका खोलीत राहायला गेली आणि आईचं घर भाड्याने द्यायला काढलं. ते भाडं आलं तरच आईची तिथली खाट टिकणार होती. महिनाअखेरपर्यंत थांबू, असं सेंटरच्या बाई म्हणाल्या होत्या.

भिंत पाडली हे ताईने आईला सांगितलं नाही. उगाच जिवाला घोर नको म्हणून.

"ताई, असलं घर मी कधी दाखवलं नाही," दलाल पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "कोणी घेतलं नाही तर मीच येतो राहायला. बायकोला मागाहून कळवू."

बघायला बोलवायची वेळ ताईनेच ठरवली होती. साडेतीन. तेव्हा खिडकीतून ऊन थेट आत यायचं आणि घर उजळून निघायचं.

पहिलं जोडपं आलं. दोघं बँकेत कामाला. ओट्यावरून हात फिरवून झाला, कपाटं उघडून झाली. बायको हॉलच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "किती मोकळं वाटतं ना!"

आणि तेव्हाच...

टक. टक.

तिच्या खांद्याशेजारी. हवेत.

गिलाव्यावर बोटाचं पेर आपटल्याचा तो आवाज होता. लाकडाचा नव्हे, पाइपाचा नव्हे.

"वरच्यांचं काहीतरी चाललं असेल," दलाल म्हणाला.

वर गच्ची होती.

जोडपं कळवतो म्हणून गेलं. कळवलं नाही.

ताई घाबरली नाही, चिडली. प्लंबर बोलावला, वायरमन बोलावला. शेजारच्या बिऱ्हाडात जाऊन कान लावून आली. काही सापडलं नाही. मग दुसरे लोक आले. तिसरे आले. रोज तीच वेळ, तोच आवाज. फरक एवढाच, की तो सरकत होता. आधी हॉलच्या मध्यावर. मग ओट्यापाशी. मग जिथे ताई उभी असेल तिथे, तिच्या पाठीमागे.

"सकाळी दाखवू या का?" दलालाने विचारलं. त्याचे विनोद आटले होते.

"सकाळी अंधार असतो, काका. अंधारी घरं कोण घेतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी जाहिरातीसाठी नवे फोटो काढायला ती एकटी गेली. खिडकी सताड उघडली. ऊन आत आलं. फरशीवरून पुढे सरकलं. हॉल ओलांडून ते ओट्यापर्यंत पोचायला हवं होतं. त्यासाठीच तर तिने भिंत पाडली होती.

ऊन मधेच थांबलं...

सरळ रेषेत. जिथे भिंत होती, बरोबर तिथे.

पलीकडे सावली पडली होती. भिंतीची.

ताईने हात पुढे केला. बोटं उन्हातून सावलीत गेली आणि गार पडली. आडवं काहीच लागलं नाही.

टक. टक.

ती चपला हातात घेऊन जिना उतरली.

आई घरी असताना दिवसभर तिच्यापाशी एक मावशी बसायची. ताईने तिला गाठलं. आई दुपारी भिंत वाजवायची का, एवढंच विचारलं.

"वाजवायची की! तुम्ही कामावर गेलात की सुरूच."

"दोनदा? पाणी वगैरे हवं असेल..."

"छे हो. एकदाच. जरा वेळ गेला की परत एकदा. मी म्हणायची, आजी, दोनदा वाजवा ना, मी लगेच उठते. तर मान हलवून नाही म्हणायच्या. मला वाटलं, बिचाऱ्या विसरल्या असतील."



एकदा म्हणजे 'आहे.' एकदा म्हणजे उत्तर.

ताई कामावर. मावशी आईच्याच खोलीत. स्वयंपाकघरात कोणी नाही. मग आईला कोण विचारत होतं?

ती तशीच सेंटरवर गेली. सिस्टर म्हणाली, आजी इथे कधी भिंत वाजवत नाहीत. दुपारी छान झोपतात. घरी झोपत नव्हत्या का?

ताई खाटेशी बसली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. भिंत पाडली इथपर्यंत आल्यावर आईचे डोळे विस्फारले. आवाजाचं सांगितल्यावर तिच्या घशातून नुसतीच घरघर निघाली.

"आई, कोण आहे ते?"

आईने डोळे मिटले. तिलाही ठाऊक नव्हतं, की सांगायचं नव्हतं, ते कळलं नाही.

"मी उत्तर दिलं तर जाईल का ते?"

आईने झडप घालून तिचा हात पकडला. बोटं वळवून त्याची मूठ केली. ती मूठ आपल्या मुठीत इतकी आवळून धरली की सिस्टरला येऊन सोडवावी लागली.

महिना संपत आला होता. शेवटचं गिऱ्हाईक राहिलं होतं. मास्तर, त्यांची बायको आणि कडेवरची लेक. दलालाने आधीच सांगून ठेवलं, "ताई, हे गेले तर माझ्याकडे दुसरं कोणी नाही. देवाशपथ नाही."

साडेतीन वाजले. ऊन आलं आणि रेषेवर थांबलं.

"इथे जरा काळोखच वाटतो," मास्तरांची बायको म्हणाली.

ताईच्या डोळ्यांपुढे खाट आली. ठसका लागून निळी पडलेली आई आली.

टक. टक. ताईच्या थेट कानामागे. कडेवरची मुलगी ताईच्या खांद्यामागे टक लावून बघायला लागली. नजर हलेना. ओठ थरथरले. आता ती भोकाड पसरणार...

ताईने ओट्यावर बोट आपटलं.

एकदा.

सगळं शांत झालं.

ऊन हललं. फरशीवरून सरसर पुढे आलं, ओट्यावर चढलं, कपाटांच्या काचांवर चमकलं. मुलगी हसली.

"अगं बाई! काय सुरेख उजेड आहे!" मास्तरांची बायको म्हणाली.

घर त्याच दिवशी गेलं. आईची खाट राहिली.

मास्तरांचं कुटुंब तिथे सुखात आहे. कसलाही आवाज येत नाही. वर्षाचा करार त्यांनी आपणहून वाढवला. फोन आला की मास्तरांची बायको उन्हाचं कौतुक सांगते.

ताईच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, दुपारी दोनदा टकटक होते. ती बाहेरची भिंत आहे. पलीकडे खाली रस्ता. कामावर असली तर जे घर सजवत असेल त्याच्या भिंतीत होते. ताई एकदा बोट आपटते. एकदा मुद्दाम आपटलं नाही. त्या दिवशी काय झालं, ते तिने कोणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती उजव्या कानाला कापूस लावून आली, एवढं दलालाने पाहिलं.

हल्ली ती दुपारी सेंटरवर जाऊन बसते. साडेतीन वाजायला आले की आई तिचा उजवा हात ओढून घेते, मूठ वळते आणि सगळं बळ लावून धरून ठेवते. सिस्टरही आता सोडवायला जात नाही. मायलेकी तशाच बसतात, समोरच्या भिंतीकडे बघत.

मग खाटेमागच्या भिंतीवर दोनदा टकटक होते.

आईचा एकच हात चालतो.

ताईचे दोन्ही.

गेल्या मंगळवारी सिस्टरने पाहिलं. आई रडत होती, लेकीची मूठ सोडत नव्हती. आणि ताईच्या डाव्या हाताचं बोट खाटेच्या दांड्यावर हळूच आपटलं.

एकदा.