शेवटचा चौकोन

भेट झाली ती तनुजाचा माउस बंद पडला म्हणून! चितेगावच्या कारखान्यातलं स्टोअर, समोर कॉम्प्युटरवर मालाची लांबलचक शीट, आणि बाई माउस टेबलावर आपटतायत.

"मॅडम, त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा?" मागून आवाज आला. वाळूजच्या प्लँटमधून पंधरा दिवसांसाठी स्टॉक तपासायला आलेला सुयश. तो वाकला, कीबोर्डवर दोन बोटं टेकवली — आणि शीट थेट तळाशी!

"कंट्रोल आणि एंड. जिथं शेवटचं काही लिहिलंय, तिथंच नेऊन सोडतं. समजलं?"

"समजलं," तनुजा म्हणाली. समजलं डोंबल! तिचं सगळं लक्ष त्याच्या बोटांकडं.

पंधरा दिवस भुर्रकन गेले. आज त्याचा शेवटचा दिवस, आणि आजच पोरीनं नको ते केलं. जेवणाच्या सुट्टीत नवा माउस फिरवत फिरवत, यादीच्या पार उजवीकडं, पार खाली, जिथं चिटपाखरू फिरकत नाही अशा एका चौकोनात लिहिलं — ‘सुयश, जाऊ नका ना.’ मन हलकं करायचं नि लगेच पुसायचं, एवढंच. पण तेवढ्यात स्टोअरचे मुख्य असलेल्या साहेबरावकाकांनी माल उतरवून घ्यायला हाक मारली...

परत येऊन बघते तर तो चौकोन सापडेना! माउसचं चाक फिरवून बोट दुखायला लागलं. चार वाजता शीट सगळ्यांना मेलनं जाणार. काका तिच्याच पैठणचे, वडिलांच्या रोजच्या बैठकीतले. घरी कळलं तर नोकरी बंद. आणि सुयश... तो हसला तर?

"सरका मॅडम, एकदा तपासून देतो." सुयशनं खुर्ची ओढली.

"नको! म्हणजे... मी तपासलंय सर. लई वेळा."

"मग घाबरता कशाला?" तो हसला, आणि सवयीनं त्याची दोन बोटं कीबोर्डवर टेकली.

तेव्हा, अगदी तेव्हाच तिला आठवलं — शेवटचं जिथं लिहिलंय, तिथंच! अगं बाई!

तिनं डोळे गच्च मिटून घेतले. कानावर बराच वेळ नुसती कीबोर्डची टकटक. डोळे उघडले तर तो उठून उभा, कानापर्यंत लाल.

"शेवटपर्यंत बघून घ्या," एवढंच म्हणाला नि बाहेर गेला.

"झालं का गं पोरी? धाडू का मेल?" काका टेबलाकडंच निघाले होते.

"एक मिनिट, काका!" तिनं कंट्रोल दाबलं, एंड दाबलं. तिच्या ओळीच्या बरोबर खाली नवी ओळ होती — ‘जावं तर लागणार. पण रविवारी पैठणला, तुमच्या घरी येऊ का?’

तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग दोन्ही चौकोन पुसले, शीट सेव्ह केली. "धाडा काका, आता काय नाय राहिलं."

फाटकापाशी तो बॅग घेऊन उभा होता.

"माझी ओळ... गेली का मेलमध्ये?"

"पुसली."

त्याचा चेहराच उतरला. "पुसली?"

"पाठ झाली म्हणून पुसली," ती म्हणाली. मान खाली, पण ओठांवर हसू मावत नव्हतं. "रविवारी दहाला या. बाबा घरीच असतात."