नाक्यावरचा चहा

पहिल्याच भेटीत धनश्रीने त्याला चांगलं झापलं.

"किती उशीर! शेठचा तीनदा फोन येऊन गेला. धरा हे—" असं म्हणत तिने टिकल्या लावून झालेल्या साड्यांचं भलंमोठं पोटलं दारातल्या तरुणाच्या हातात कोंबलंसुद्धा. आणि तोही असा शहाणा, की ते छातीशी धरून मुकाट उभा राहिला.

"नेतो," तो मास्कमागून म्हणाला. "पण आधी आबांचा पाय बघितला तर चालेल का?"

अगं बाई! साड्या न्यायला येणारा माणूस हा नव्हेच. हा तर एका संस्थेकडून येणारा फिजिओथेरपिस्ट, म्हाताऱ्या माणसांना घरी येऊन व्यायाम शिकवणारा. नाव लखन, राहणार बमरोली. धनश्रीचे कान लालबुंद झाले. त्याचे डोळे मात्र हसत होते… आणि हसणारा चेहरा असा अर्धाच दिसला की जास्त छळतो.

डिंडोलीच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत धनश्रीचे आजोबा, धुडकूआबा, दोन महिने खाटेला खिळून होते. चाळीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमवर काढली, त्यात कान गेले. मोरीत पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यात मास्क लावलेल्या डॉक्टरांनी त्यांना दोन प्रश्न विचारले, आबा गप्प. कागदावर 'वयामुळे समजत नाही' असं लिहून आलं. तेव्हापासून जो तो आबांबद्दल धनश्रीशी बोलायचा, आबांशी कुणीच नाही. खरं सांगायचं तर तिलाही तीच सवय लागली होती.

लखनने मास्क काढला. खिडकीच्या उजेडात आबांच्या अगदी समोर, जमिनीवर मांडी घालून बसला. "आबा, तुम्हाला काय करायचंय?"

"त्यांना ऐकू येत नाही हो. मला विचारा ना."

"पाय कुणाचा आहे?"

आबा त्याच्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माले नाक्यावरनी लारीवर जाईसन च्या पेवाना शे. मना पायसवर. सुकदेव तठे बसस."

चहाच्या हातगाडीवर, जुन्या सोबत्यापाशी, स्वतःच्या पायांनी जायचं! दोन महिन्यांत आबा एवढं पहिल्यांदा बोलले. धनश्रीला वाटलं, इतक्या जवळून बोललं तर थोडंफार ऐकू येत असेल. लखनने कागदावर तेवढंच लिहिलं, 'नाक्यावरच्या लारीवर चहा. एकट्याने.'

"ज्या दिवशी आबा तो चहा पितील, त्या दिवशी माझं काम संपलं," तो तिला म्हणाला. तेव्हा तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग त्याच्या येण्याचे मंगळवार आणि शुक्रवार सुरू झाले. पतंगाच्या मांजाने गळा कापू नये म्हणून त्याने स्कूटरला पुढे तारेची कमान लावली होती. उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, येऊन गेली, तरी कमान तशीच.

"ती तार काढत का नाही आता?" साडीवर टिकली चिकटवता चिकटवता तिने हळूच विचारलं.

"काढली तर वरून स्कूटर ओळखू कशी येणार?"

"मी कशाला बघतेय वरून!"

"तुमचं नाव कुठं घेतलं मी?" तोही तितक्याच हळू म्हणाला. "असेल कुणीतरी बघणारी…"

समोर आबा पाय उचलत आकडे मोजत होते. चौदा, पंधरा… मध्येच मिशीत हसले. व्यायाम जमतोय म्हणून हसले असतील, असं धनश्रीला वाटलं.

आबा खाटेपासून दारापर्यंत आले. दारापासून जिन्यापर्यंत आले. त्यांचं प्रत्येक पाऊल बघून धनश्रीला आनंद व्हायचा आणि त्याच पावलाला ती उरलेलं अंतरही मोजायची. सोळा पायऱ्या आणि एक रस्ता, बस. मग मंगळवार नुसता मंगळवार राहणार होता.

एका शुक्रवारी तो गेला. तारेची कमान वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली. मग खोलीकडे वळून भिंतीवरच्या देवाला तिने हात जोडले आणि ओठातल्या ओठात पुटपुटली, "देवा, आबांना बरं कर… पण इतक्या लवकर नको."

म्हणाली आणि स्वतःचीच लाज वाटली. देवाच्या खालीच खाट होती. आबा तिच्याकडे बघत होते.

पुढच्या मंगळवारी आबा जिन्याशी येऊन थांबले. "आज नही." शुक्रवारीही नाही. तीन आठवडे नाही. लखनने पाय तपासला, वाकवला, चेपून बघितला. "सूज नाही, ताकद आहे… मग अडलंय कुठं?"

कुठं अडलंय ते धनश्रीलाच ठाऊक होतं. तिनेच मागितलं होतं ना!

चौथ्या आठवड्यात तिने त्याला खिडकीशी गाठलं. "तुम्ही आता येऊ नका. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"माझं काही चुकलं?"

"माझं चुकलं." तिने मनगटाने डोळे पुसले. "आबा लवकर बरे होऊ नयेत असं मागितलं मी. तुम्ही… तुम्ही येत राहावं म्हणून. ज्यांनी मला अंगाखांद्यावर वाढवलं त्यांचे पाय मागितले मी, लखन! तुमच्यापायी. मला नाही सोसत हे."

लखनचा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला…

"मी बहिरा शे, आंधया नही!"

दोघं दचकून वळली. आबा खाटेवरून उठून काठी घेऊन उभे होते, ताठ. "तू मांगं, म्हनीसन मी बसनू," ते धनश्रीला म्हणाले. "आते तू रडस. मंग मी चालनू."

"आबा! तुम्हाला… कसं कळलं?"

"लूमच्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येतं?" लखन हसू दाबत म्हणाला. "कारीगर ओठ बघूनच बोलतात. माझे बाबाही लूमवरच आहेत. म्हणून तर मी मास्क काढतो."

"म्हणजे आपण जे बोलत होतो ते सगळं…?"

"कळत होतं त्यांना. मला चोरून बोलायचंच नव्हतं."

तिला कुठं तोंड लपवू असं झालं. तोवर आबा जिन्यावर पोचलेसुद्धा. ती हात धरायला धावली, तर लखनने मान हलवली. "एकट्याने, असं लिहिलंय. मी दोन पावलं मागं राहतो. तुम्ही इथूनच बघा."

ती गॅलरीत उभी राहिली. सोळा पायऱ्या झाल्या. आबा रस्त्यावर आले, थांबले, टेम्पो जाऊ दिला, निघाले. लारीवर सुकदेवकाकांनी सरकून जागा केली. आबांनी पहिला घोट घेतला आणि लखनने खिशातून तो कागद काढून त्यावर खूण केली. संपलं काम. धनश्रीला हसू येत होतं आणि डोळेही भरून वाहत होते.

त्याने वर पाहिलं. मध्ये रिक्षांचे हॉर्न, टेम्पो, नुसता कलकलाट. तो ओरडला नाही. सावकाश, एकेक शब्द करून ओठ हलवले.

मंगळवारी… येऊ? पायासाठी नाही… तुमच्यासाठी.

इतकी वर्षं आबांसोबत राहून तिने कधी कुणाचे ओठ वाचले नव्हते. आज सगळं कळलं. तिनेही आवाज न करता सांगितलं, "या."

तो डोळे बारीक करून बघत राहिला. तिने पुन्हा सांगितलं. छे, ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर येत होतं.

तेवढ्यात आबांनी ग्लास खाली ठेवला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि लखनच्या पाठीत एक धपका घातला. काय म्हणाले ते तिला वरूनही वाचता आलं.

"ये म्हनस ती!"

मग लारीवाल्याला त्यांनी आणखी दोन बोटं दाखवली आणि तिला खाली बोलावलं. साड्या न्यायला माणूस येणार होता, पोटलं दारातच पडलं होतं. राहू दे म्हटलं तिने, आणि चपला पायात सरकवल्या.