मांडीवरचं स्वादुपिंड

भालकीहून कलबुर्गीला जाणाऱ्या सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते. बायकांचं तिकीट माफ झाल्यापासून तर विचारूच नका. त्या रेटारेटीत भालकीजवळच्या मेहकरची मंगल एका हातानं दांडी धरून उभी होती, आणि दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात होतं स्वादुपिंड! रंगीत मातीचं, शेजारी हिरवं पित्ताशय, खाली गुलाबी लहान आतडं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा दुपारी होती, आणि आपल्या हातचं मॉडेल मॅडमपुढं ठेवून बोलायचं होतं.

बसला हिसका बसला, खोकं निसटलं... आणि खिडकीपाशी बसलेल्या पोरानं ते वरच्या वर झेललं.

“ऱ्हाऊ द्या माझ्या मांडीवर.”

“सांभाळून धरा,” मंगल म्हणाली. “माझं सगळं वर्ष हाय त्यात.”

खोटं नव्हतं ते. गेल्या साली याच परीक्षेत ती तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिली, आणि नापास झाली. यंदाही तेच झालं तर कॉलेज बंद. अफजलपूरच्या ऊसवाल्यांचं स्थळ तिच्या अप्पांनी, लिंगाप्पांनी, नुसतं थोपवून धरलं होतं. बाप वाईट नव्हता हो, पण बापानं तरी किती थांबायचं?

पोराचं नाव रविकुमार. हळ्ळीखेडचा, जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. त्यानं खोक्यात डोकावलं, मान वाकडी केली, पुन्हा डोकावलं.

“बकरीचं कामून बनवलाव?”

मंगलचं डोकंच फिरलं. “बकरीचं? माणसाचं हाय ते.”

“मंग ही पिवळी नळी एवढी वर कामून मिळायलीय?” त्यानं बोट नुसतं दाखवलं, लावलं नाही. “शेळ्या-मेंढ्यांत स्वादुपिंडाची नळी वरच पित्ताच्या नळीला मिळती. माणसात दोन्ही शेजारी-शेजारी खाली येतात, आन् आतड्याच्या भिंतीत, अगदी दारात, एक होतात. व्हय का न्हाई?”

मंगलनं कपाळावर हात मारला! पुस्तकात तसंच होतं, तिला पाठ होतं. पण हात पुस्तकाचं ऐकतो होय? जत्रेला बकरं पडलं की पित्ताची पिशवी न फोडता काढायचं काम लहानपणापासून तिचं. फुटली तर सगळं मटण कडू, म्हणून अप्पा शेजारी बसून एकेक नळी दाखवायचे. माती मळताना हातांनी तेच घडवलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“रडून नळी खाली येत न्हाई,” रवी हळूच म्हणाला. “केसातली पिन द्या. मी धरतो, तुम्ही करा.”

शेजारच्या बाईनं सरकून चिमूटभर जागा दिली. मंगल बसली, त्याच्या मांडीवरच्या खोक्यावर वाकली. पिवळी नळी पिननं अलगद सोडवली आणि हिरवीच्या कडेनं खाली आणायला लागली. त्याचे हात खोक्याला, तिची बोटं आत... मधेच बोटाला बोट लागलं.

“हात कापायलाय तुमचा.”

“बस हलायलीय ना.”

“बस तर थांबलीय...”

खरंच थांबली होती. “हुमनाबाद, इळीरी!” कंडक्टर ओरडत होता, माणसं उतरत होती. मंगलनं लाजून मान आणखी खाली घातली आणि काम चालू ठेवलं.

बस पुन्हा सुटली, नळी जागेवर बसली. मग रवीनं मॅडमचा आवाज काढला. “सांगा सिस्टर, स्वादुपिंडाचं डोकं कुठं असतं?”

“लहान आतड्याच्या... कुशीत.”

“पुस्तकात कुशीत लिहिलंय?”

“न्हाई. पुस्तकात वळण हाय.” मंगल लालबुंद झाली.

“मला कूस आवडली,” तो म्हणाला, आणि कमलापूर येईपर्यंत मॅडमच्याच आवाजात एकेक प्रश्न विचारत राहिला.

कलबुर्गीला खोकं देताना त्यानं एवढंच बजावलं, “गप नका ऱ्हाऊ. बोला.”

ती बोलली. पित्त यकृतात तयार होतं, पिशवीत साठतं, जेवण आलं की खाली उतरतं... सगळं सांगितलं. आधी बकरीचं करून बसले होते, हेही सांगून टाकलं. मॅडम खळखळून हसल्या. निकाल यायला वेळ होता, पण त्यांनी मॉडेल काही परत दिलं नाही. पुढच्या पोरींना दाखवायला म्हणून स्वतःच्या हातानं कपाटात ठेवलं.

मंगल रिकाम्या हातानं, उड्या मारायच्याच बाकी, अशी स्टँडवर आली. बाकावर रवी बसलेला, हातात कमलापूरची लाल केळी.

“तुमचं काम झालं?” तिनं विचारलं.

“माझं काम हुमनाबादला होतं. जनावरांच्या दवाखान्यात.”

मंगल बघतच राहिली. “मंग उतरलाव न्हाई कामून?”

“मांडीवर तुमचं वर्ष होतं...” तो थांबला. केळं सोलायला लागला, तेही धड सोलेना. “खोटं कामून बोलू? खोकं तुमच्या हातात देऊन उतरता आलं असतं. उतरू वाटलं न्हाई. आताबी वाटंना.”

परीक्षेत सुटलेलं तोंड इथं पुन्हा बंद पडलं. आता गप्प राहिले तर हेही वर्ष गेलं, असं तिला वाटलं. त्याच्या हातातलं केळं तिनं घेतलं, नीट सोललं, अर्धं त्याला दिलं.

“आमच्या अप्पांच्या शेळ्या बघायला येताव का, मेहकरला?”

“काय झालंय शेळ्यांना?” डॉक्टर एकदम सावध झाला.

“काय न्हाई. ठणठणीत हायत.” मंगलनं आता सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. “तरी या... अफजलपूरवाले यायच्या आधी या.”