दुसऱ्याच गळ्याचं गाणं

गाण्यांच्या स्वरलिपीच्या प्रती उतरवून देणाऱ्याच्या दुकानाच्या दारात फ्लोरियान गायिका लेनीवर आदळला आणि ओल्या शाईची पानं तिच्या नव्याकोऱ्या बाहीला चिकटली. त्याला आता तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून हा तरुण रचनाकार रोज काही ना काही निमित्त काढून तिचा जिना चढायचा, आणि लेनीही रोज आरशापुढं जरा जास्तच रेंगाळायची.

आज त्यानं खास तिच्यासाठी रचलेलं गाणं आणलं होतं... हरवलेल्या प्रियकरासाठी एका बाईनं केलेला विलाप. पानं चाळता चाळता लेनीच्या कपाळावर आठी चढली. व्हिएन्नात शिंपी झगा बेततो तसं गाणं गायिकेच्या गळ्यावर बेतायचे. लेनीचे उंच सूर ऐकायला लोक गाड्या जुंपून येत, आणि इथं तर सगळा कारभार खालच्या सुरांत!

"हे माप कुणाचं?"

"तुमचंच."

"असं? मग वरचे सूर काय उंदरांनी खाल्ले?"

दोन वर्षांपूर्वी एका व्हायोलिनवाल्यानंही तिला असंच गाणं दिलं होतं. भर सभेत गायल्यावर कळलं, ते त्याच्या जुन्या मैत्रिणीसाठी बेतलेलं. शहर महिनाभर दात काढत होतं. पुन्हा तसंच झालं तर लेनी कुणावरच विश्वास टाकू शकणार नव्हती.

"नाव सांगा तिचं. मी ओरडणार नाही."

"तुम्ही ओरडताच आहात," फ्लोरियान हळूच म्हणाला. "दर मंगळवारी अंगणात कपडे वाळत घालताना तुम्ही गुणगुणता... अगदी खाली, स्वतःशीच. नाटकगृहातला आवाज सगळ्यांनी ऐकलाय. हा फक्त मी—"

"तुम्ही कुठून ऐकलात?"

"समोरच्या पोटमाळ्यावर राहतो."

लेनीचे डोळे बारीक झाले. तीन आठवड्यांत पठ्ठ्यानं हे सांगितलं नव्हतं!

"म्हणजे दुकानातली ती टक्कर..."

"अकरा दिवस ताटकळलो होतो त्या दारात."

तिला हसू फुटत होतं, पण तिनं ते ओठांत दाबलं. "मग विलाप कशाला? कोण मेलंय?"

"ईस्टरनंतर तुम्ही प्रागच्या नाटकगृहात चाललात, कायमच्या. नंतर लिहायला हात चालला नसता... म्हणून आधीच रडून घेतलं."

 लेनीनं मानेनंच पियानोकडं खूण केली. त्यानं पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि ती गाऊ लागली, दोरीवर कपडे टाकताना गायची तशी. एकेक सूर नेमका तिच्याच गळ्यात बसत होता. शेवटच्या ओळीला तिचा आवाज भरून आला. असा आवाज तिनं आजवर कुणालाच ऐकू दिला नव्हता.

"याला साथ तुमचीच हवी," ती म्हणाली. "प्रागलासुद्धा."

"म्हणजे... मी पण—?"

"आधी सांगा, अजून काय काय लपवलंय?"

फ्लोरियान कानापर्यंत लाल झाला. "एकच. प्रागसाठी माझी कपड्यांची पेटी परवाच भरून झालीय."

लेनीनं पानांची गुंडाळी त्याच्या डोक्यात हाणली आणि मग तिथंच त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं.